जावयाचं विमान

"पाय! पाय कुठं ठिवलास गं? माळ्यावर?"

मामांनी हातातली काठी फरशीवर आपटली. समोरच्या तीन पडद्यांवर ऊस सपासप मागं पळत होता आणि त्याच्या शेंड्यांना चाकं लागतील इतक्या खालून चंदना पिवळं विमान नेत होती. शेताचा बांध आला, पलीकडच्या विजेच्या तारा दिसल्या. तिनं विमान वर उचललं, उजवीकडं कलवलं आणि मामांच्या धाकानं उजव्या पायाखालचं पॅडल दाबलं. विमानाचं नाक भसकन आत वळलं, खालचा पंख आणखी खाली गेला, ऊस वाकडा होऊन अंगावर आला आणि तिन्ही पडदे तपकिरी झाले.

"गेली! उसात गेली!" मामा म्हणाले. "अगं, पाय घालायचा म्हणजे असा घालायचा? खरं इमान असतं तर आता पोत्यात भरून आणायला लागली असतीस."

 चंदनानं पॅडलवरचे पाय उचलून सीटखाली घेतले. मामा माझ्याकडं वळले आणि त्यांच्या आवाजात एकदम गूळ विरघळला.

"सन्मतीराव, चहा टाकू का वाईच? यंत्र मात्र झकास केलंय बगा तुमी. हुबेहूब!"

मामा म्हणजे माझे सासरे, कॅप्टन भूपाल मगदूम. आमच्या भागात सासऱ्याला मामाच म्हणतात. जयसिंगपूरच्या अलीकडं त्यांचा मळा. तरुणपणी ते फवारणीची विमानं चालवायचे, कधी कापसावर, कधी उसावर. पिकाच्या डोक्यावरून विमान न्यायचं, औषध सोडायचं, शेत संपलं की वर उचलून वळवायचं आणि शेजारच्या पट्ट्यात पुन्हा खाली घालायचं, सकाळभर हेच. पुढं आपल्याकडं ती फवारणी बंद पडत गेली आणि मामा शेती बघू लागले. थोरली मुलगी पद्मजा माझी बायको. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. धाकटी चंदना बापाच्या वळणावर गेलेली. तिनं वैमानिकाचा परवाना काढला, पुढं नोकरीसाठी सगळीकडं उंबरे झिजवले, आणि अखेर ऑस्ट्रेलियात फवारणीची विमानं चालवणाऱ्या एका माणसानं तिला शिकाऊ म्हणून बोलावलं. त्याची अट सरळ होती. आल्या आल्या तो तिला शेताच्या टोकाचं वळण घ्यायला लावणार. जमलं तर राहा, नाही जमलं तर परत जा.

आता तसल्या विमानाचा सराव आपल्याकडं करायचा कुठं? मी पुण्यात प्रोग्रॅमर. संगणकावर उडवायची विमानं तयार करण्याचा मला नाद होता. पद्मजा त्याला नाद न म्हणता आजार म्हणायची. चंदना म्हणाली, "दाजी, मला फवारणीचं विमान करून द्या. बाजारात मिळतंय ते सहलीला निघाल्यासारखं उडतंय." मेहुणीनं मागितलं आणि दाजीनं नाही म्हटलं, असं कधी झालंय का? मी रजा टाकली आणि मळ्यावरच्या शेंगा ठेवायच्या खोलीत मुक्काम ठोकला. जुन्या जीपचं सीट, तीन पडदे, मधोमध विमान उचलायची-कलवायची स्टिक, पायाशी नाक डावी-उजवीकडं वळवायची दोन पॅडल आणि डाव्या हाताला औषधाची टाकी उघडायची मूठ असं सगळं जोडलं. विमान कसं वागतं ते ठरवणारं गणितही माझंच. मामा रोज शेजारी बसून परीक्षा घेणार, चुका सांगणार आणि मी त्या दुरुस्त करणार, असा बेत होता.

बेतात एकच खोट होती. मी जावई होतो.

ज्यांनी आमच्याकडचा जावयाचा मान पाहिलेला नाही त्यांना हे समजायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मळ्यावर आलो तेव्हा मी गाडी मागं घेताना मामांचं नवं कोरं लोखंडी फाटक आडवं केलं होतं. मामा धावत आले, फाटकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चूक आमचीच. फाटक जरा फुडंच बसवलं हुतं." हा माणूस गड्यांवर ओरडला तर नदीपलीकडं ऐकू जायचं. पण जावयाच्या कुठल्याही गोष्टीला नाव ठेवणं त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. त्यामुळं माझ्या विमानाला पहिल्या दिवसापासून 'झकास'खाली शेरा मिळाला नाही. आणि विमान झकास असेल, तर उसात जाणारी चंदना तेवढी वाईट. हिशेब सोपा होता.

त्या संध्याकाळी चंदना गच्चीवर एकटीच बसली होती. मी वर गेलो तर तिनं पटकन डोळे पुसले.

"दाजी, मी त्यांना कळवून टाकते. येत नाही म्हणून."

"का गं?"

"पाय नाही घातला तर आप्पा ओरडतात. पाय घातला तर उसात जाते, मग पुन्हा ओरडतात. हलका घालून बघितला, उशिरा घालून बघितला. माझ्या पायातच काहीतरी दोष आहे." तिनं स्वतःच्या पावलांकडं असं बघितलं की जणू ती दुसऱ्याच कुणाची तरी आहेत. "इथं खुर्चीत बसून मला जमत नाही. तिथं खऱ्या विमानात काय होईल? आप्पा म्हणतात ते खरंय. पोत्यातून आणावं लागेल."

"असं बोलू नये."

"मला भीती वाटायला लागलीय, दाजी. आधी कधी वाटली नव्हती."

मला खाली जाऊन स्वतः सीटवर बसावंसं वाटलं. बसलो. ऊस, बांध, तारा, वर उचललं, कलवलं. पॅडलला मी पायच लावला नाही. विमान शहाण्या मुलासारखं वळलं आणि पुढच्या पट्ट्यावर सरळ आलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. विमानात कधी न बसलेला मी एखाद्या निष्णात वैमानिकासारखा वळणं घेत होतो आणि परवाना असलेली मुलगी रोज उसात जात होती. इथं कुठंतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक खोडी काढली. गणितात शिरून औषधाच्या भरल्या टाकीचं वजन पार शून्य करून टाकलं. म्हणजे ओझ्यानं कण्हत उठणारं विमान आता घारीसारखं उठणार. मग मामांना शेजारी बसवलं आणि स्वतः उडवून दाखवलं. धावपट्टीवर जेमतेम चाकं फिरली आणि विमान सरळ आभाळात घुसलं. मामांच्या भुवया वर गेल्या. ओठ हलले. माझ्या पोटात आशा उगवली, की आता तरी बोलतील.

"वा!" मामा म्हणाले. "काय उचलतंय! टाकी भरून असं उठलेलं आमी बगितलंच नव्हतं कवा."

"मामा, म्हणजे ते चूक आहे ना?"

"चूक कशी? तुमी केलंय म्हणजे अभ्यास करूनच केलं असंल की."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि पद्मजाला सगळं सांगितलं. ती हसून हसून ओट्याला टेकली.

"तुला काय वाटलं, आप्पा तुझ्या तोंडावर चुका सांगतील? माझ्या मावशीचा नवरा गातो तेव्हासुद्धा आप्पा मान डोलवतात. आणि तो कसा गातो ते तू ऐकलंयस."

"पण पद्मा, यात चंदनाचा बळी जातोय. तिला वाटतंय आपलाच पाय वाईट."

तिचं हसू थांबलं. तिनं हात धुतले आणि तशीच बाहेर गेली. मीही मागोमाग गेलो. मामा सोप्यात शेंगा फोडत बसले होते.

"आप्पा, खरं सांगा. ह्यांनी केलेलं विमान चुकीचं आहे की नाही?"

मामांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग शेंगांकडं. "पाहुण्यांनी घरदार सोडून हितं येऊन कष्ट केल्यात. त्याला नाव ठिवायचं? मला म्हाताऱ्याला काय कळतंय आता. इमान सोडून किती वरसं झाली."

"मामा," मी त्यांच्यासमोर खालीच बसलो, "हात जोडतो. मला शिव्या द्या. काय वाटेल ते बोला, पण विमानात काय चुकतंय ते सांगा."

"अवो, काय बोलताय हे!" मामा घाबरून उठलेच. "जावई माणसानं असं खाली बसू नये. पद्मजा, खुर्ची आण आधी."

खुर्ची आली. चहा आला. तिळाची चिक्की आली. चुका काही आल्या नाहीत.

मामांना त्या सीटवर बसवावं असं मला पहिल्यापासून वाटत होतं. पण ते हात लावायला तयार नव्हते. गुडघे दुखतात, डोळ्याला पडदे सोसत नाहीत, अशी रोज नवी सबब. पद्मजा म्हणाली की खरं कारण वेगळंच आहे. विमान सुटल्यापासून ते विमानाच्या कुठल्याच गोष्टीला हात लावत नाहीत. आकाशातून विमान गेलं तरी मान खाली घालतात. चंदना परवाना काढून आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले, पण तिच्याबरोबर क्लबचं विमान बघायला काही गेले नाहीत. मग त्यांना बसवायचं कसं? आणि तेव्हा मला आठवलं की माझं एक येणं बाकी आहे.

आमच्याकडं लग्नात जावई रुसतो. काय पाहिजे ते मिळेपर्यंत ताटावर हात बांधून बसतो आणि सगळं वऱ्हाड त्याची मनधरणी करतं. माझ्या लग्नात मी भुकेनं इतका कासावीस झालो होतो की रुसायचं विसरून सरळ जेवायला लागलो. मुलीकडच्या बायकांची फार निराशा झाली होती. तेव्हाचा रुसवा मी आता वसूल करायचं ठरवलं.

दुपारी पुरणपोळीचा बेत होता. पाटाभोवती रांगोळी, वाटीत तूप, कटाची आमटी. मामा स्वतः तुपाची वाटी घेऊन उभे. मी पाटावर बसलो आणि हात मांडीवर ठेवले.

"सुरू करा की, सन्मतीराव."

"मी जेवणार नाही, मामा."

तुपाची वाटी तशीच हवेत राहिली. "का? काय चुकलं?"

"मी रुसलोय."

पद्मजानं पदर तोंडात कोंबला. चंदना दारात होती, तिचे डोळे मोठे झाले. मामांचा चेहरा मात्र खरोखरीच उतरला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर रुसणारा जावई त्यांनी पाहिला नव्हता, पण रुसला म्हणजे रुसला, त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

"काय पाहिजे ते मागा. घड्याळ? गाडी?"

"तुम्ही त्या सीटवर बसून एक वळण घ्या. मग जेवतो."

 आमटीवरची वाफ विरत गेली. मामांनी वाटी खाली ठेवली. "एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच."

शेंगांच्या खोलीत मामा सीटवर बसले, पण हात लगेच पुढं गेला नाही. त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या, अनवाणी पावलं पॅडलवर ठेवली आणि टाचा खाली टेकून बोटांनी पॅडल चाचपलं. मग उजवा हात स्टिकवर गेला. पाठ आपोआप ताठ झाली. मी इतके दिवस पाहिलेले सासरे त्या सीटवर नव्हतेच. तिथं दुसराच कुणी तरुण माणूस येऊन बसला होता. चंदना माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती.

विमान उसावरून निघालं. मामांनी ते इतकं खाली नेलं की मीच पाय वर घेतले. बांध आला. तारा आल्या. विमान वर उठलं, उजवीकडं कललं, आणि त्यांचा उजवा पाय आपसूक खाली गेला. त्यांनी घातला असं म्हणता येणार नाही, तो त्या हालचालीबरोबर गेलाच.

नाक भसकन आत वळलं. पंख पडला. पडदे तपकिरी झाले.

मामा स्क्रीनकडं बघत राहिले. "पुन्हा लावा," ते म्हणाले.

मी पुन्हा लावलं. पुन्हा ऊस, पुन्हा बांध, पुन्हा तपकिरी. तिसऱ्यांदा त्यांनी पाय धरून ठेवायचा प्रयत्न केला. मांडीवरची शीर ताठ झालेली दिसत होती. पण वळणात शिरल्यावर तो गेलाच खाली. इतकी वर्षं ज्या पायानं त्यांना घरी परत आणलं होतं, तो पाय त्यांचंसुद्धा ऐकेना.

उसात आडव्या झालेल्या विमानासमोर मामा बसून राहिले. मग त्यांनी मान वळवली ती माझ्याकडं नाही, चंदनाकडं.

"पोरी," ते म्हणाले, "तुजा पाय बरोबर हुता."

चंदनाचा चेहरा आक्रसला. "आप्पा..."

"बरोबर हुता गं. पहिल्या दिवसापासनं बरोबर हुता. मला दिसत हुतं. आणि मी तुला बोलत हुतो." त्यांनी पॅडलवरचे पाय काढून घेतले. "पाहुण्यांना कसं बोलायचं म्हणून तुला बोलत हुतो."

ती धावत जाऊन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग, तसंच तिला धरून, माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. नदीपलीकडं ऐकू जाणारा तो आवाज मी पहिल्यांदा माझ्या दिशेनं येताना ऐकला.

"काय केलंय हे? आं? इमान हाय का पाळणा? कुणी सांगितलं तुला इमान असं वळतंय?"

"मामा, आकडे क्लबच्या विमानाचे होते..."

"क्लबचं इमान घाल चुलीत! ते काय, गरीब गाय. बोट दावलं तिकडं जातंय. आमचं इमान उजवीकडं कलवलं की नाक डावीकडं नेतंय, नको नको म्हणतंय. म्हणून पाय! पायानं त्याला सांगायला लागतंय की बाबा, हिकडंच जायाचंय. तुझ्या ह्या यंत्रात नाक आदीच आत जातंय, आणि वरनं पोरीनं पाय घातला की जातंय उसात. पाय न घालणाऱ्याला बक्षीस आणि घालणाऱ्याला मरण! हे शिकवणार तू तिला? हे शिकून गेली असती तर पहिल्याच आठवड्यात..."

ते थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "खानदेशात कापसावर आमच्यासंगं बलविंदर म्हणून हुता. पंजाबी. माझ्यापेक्षा भारी उडवायचा. एका सकाळी टाकी भरलेली, वारा मागनं, घाई हुती. वळणात पाय चुकला त्याचा. मी वरनं बगत हुतो. कापसाची बोंडं पांढरी फुललेली आणि त्यात..." त्यांनी हात हलवला. "तवापासनं मला दुसरं काय दिसतच न्हाई. पोरगी वळायला लागली की मला बलविंदर दिसतोय."

 मला एकाच वेळी लाज वाटत होती आणि अंगातून काहीतरी गरम गरम वाहत होतं. ह्या घरात इतकी वर्षं मी पाटावर बसवलेला पाहुणा होतो. आज कुणीतरी मला तोंडावर गाढव ठरवलं होतं आणि मला घरात घेतल्यासारखं वाटत होतं.

"आणखी काय चुकलंय, मामा?"

"आणखी? बस खाली. लिहून घे. टाकी भरल्यावर ते घारीवानी उठतंय म्हणे! अरे, लाज वाटली न्हाई?"

"ती मी मुद्दाम..."

"मुद्दाम!" मामा कडाडले. दारात पद्मजा ताट घेऊन उभी होती. "बोला आप्पा, बोला," ती म्हणाली. "मी पुरणपोळी गरम करून आणते."

पुढचे काही दिवस मी आयुष्यात कधी खाल्ली नाहीत इतकी बोलणी खाल्ली. आम्ही गणित उचकटलं. कलताना नाक उलटीकडं जाईल असं केलं; मामा बसले, म्हणाले, "अजून. एवढं शहाणं नसतंय ते." आणखी वाढवलं. मग ओझं. भरलेलं विमान वळणात जडशीळ होतं, हळूहळू रिकामं होत जातं तसं हातात हलकं येतं. मग वारा. मागून वारा असला की जमीन वेगानं पळाल्यासारखी वाटते, माणूस फसतो आणि वेग कमी करतो. मामा डोळे मिटून आठवायचे, हवेत हात कलवून दाखवायचे आणि मी लिहायचो. एकच गोष्ट त्यांनाही नक्की सांगता आली नाही. संकटात औषधाची सगळी टाकी एका झटक्यात सोडून द्यायची असते, तेव्हा नाक वर उसळतं. किती? "मला ती येळ आली न्हाई कवा," मामा म्हणाले. "ऐकलेलं सांगतो. घाल थोडं." मी थोडं घातलं.

नवं विमान तयार झालं तेव्हा चंदना पहिल्या वळणात पाय न घालता गेली आणि मेली. हे तिनं मुद्दाम केलं. तपकिरी पडद्याकडं बघून ती जोरजोरात हसायला लागली. मग पुन्हा निघाली, बांधावर आली, उचललं, कलवलं, पाय घातला. नाक जरा डावीकडं अडलं, पायाचं ऐकलं आणि गोल वळून उसाच्या पट्ट्यावर सरळ आलं. मामा काठी हातात धरून उभे होते. त्यांनी ती कोपऱ्यात ठेवून दिली. चंदना त्यानंतरही कितीदा तरी उसात गेली, पण आता आपण कशानं गेलो हे तिला कळायचं आणि ती स्वतःच ओरडून सांगायची. भीतीचं नाव तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. ठरल्या दिवशी ती ऑस्ट्रेलियाला गेली, आणि तिथल्या माणसानं तिला ठेवून घेतलं.

तिचा फोन दर रविवारी यायचा. पण तो फोन आला तेव्हा रविवार नव्हता. आम्ही सणासाठी मळ्यावर गेलो होतो. सकाळची वेळ. पद्मजानं फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"आप्पा, आधी ऐका, मी ठीक आहे," चंदना म्हणाली.

मामा पायरीवर बसले.

"टाकी भरून निघाले होते. चाकं सुटली आणि इंजिन खोकायला लागलं. ताकदच मिळेना. समोर झाडं. मी टाकी सोडली, सगळी, एकदम."

"मग?" मामांनी विचारलं.

"नाक वर गेलं, आप्पा. आपल्या यंत्रात जातं तसं नाही. त्याच्या कितीतरी जास्त. समोर नुसतं आभाळ दिसत होतं. मी दोन्ही हातांनी स्टिक पुढं ढकलली आणि धरून ठेवली. मग झाडांवरून गेले आणि पलीकडं गव्हाचं कापलेलं रान होतं, तिथं उतरवलं. विमानाला ओरखडा नाही. मेंढ्या तेवढ्या बिथरल्या." ती हसली. "दाजी आहेत का तिथं? दाजी, ते नाक तुमचं चुकलंय. तुमचं आणि आप्पांचं, दोघांचंही. दुरुस्त करा आणि मला पाठवा. इथं एक नवी मुलगी शिकायला येतेय, तिला मी तेच देणार आहे. तिनं आधी खुर्चीत बघितलं पाहिजे, मग खऱ्यात."

"पाठवतो," मी म्हणालो.

"आप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय," मामा म्हणाले. "तू म्हणतीस तसं करतो. आमचं चुकलं."

फोन ठेवल्यावर ते पायरीवरून उठायच्या आधीच म्हणाले, "सन्मती, चल."

खोली बंद होती. पडद्यांवरची धूळ मी शर्टानं पुसली. मी आकडा वाढवला. मामा सीटवर बसले, विमान उचललं, मूठ ओढली. नाक वर गेलं. "अजून," ते म्हणाले. "ती म्हणाली, नुसतं आभाळ." मी आणखी वाढवलं. "अजून."

मग एकदा त्यांनी मूठ ओढली आणि तिन्ही पडद्यांवरून जमीन नाहीशी झाली. झाडं गेली, रान गेलं, सगळीकडं निळं.  मामांनी दोन्ही हातांनी स्टिक पुढं रेटली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं.  निळं हलेना. हलेना. मग पडद्याच्या खालच्या कडेला हिरवी रेघ आली, वर सरकली, झाडांचे शेंडे पोटाखालून गेले आणि समोर मोकळं रान दिसलं.

"आली," मामा म्हणाले. "आली गं माझी बाई. आली खाली."

त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी खांद्यावर हात ठेवला, पण त्यांनी स्टिकवरचे हात सोडले नाहीत. विमान अजून जमिनीला टेकायचं होतं.